सरांनी जिना ऑप्शनला टाकला

वाईहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. सोबत एका फॉर्मची झेरॉक्स आहे. पत्र थोडं कमी करून देते.

“ताई, सप्रेम नमस्कार. आमचे हे हायस्कुलात गणित शिकवायचे. वय ६७. गेल्या मार्गशीर्षात अटॅक आला, पुण्याला नेलं, अँजिओप्लास्टी झाली. तेव्हा टूडी इकोत पंपिंग ३० टक्के होतं, आता ४० आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो. तिथे एक मुलगी फॉर्म भरून घेते. गेल्या दोन आठवड्यांत कपडे घालताना, आंघोळ करताना, जिना चढताना किती अडचण आली, असले प्रश्न. हे एक तर ‘काही नाही’ म्हणतात, नाहीतर ‘ते मी करतच नाही’ म्हणतात. भाद्रपदात भरला तेव्हा ८४ गुण आले. डॉक्टर म्हणाले, ‘वा सर, डिस्टिंक्शन!’ मुलगा खूश.

घरी काय आहे ते मलाच ठाऊक. माडीवरची आमची खोली आषाढापासून बंद आहे, बिछाना खाली आणला. रोज पहाटे गणपती घाटावर जायचे, खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायचे, ते बंद. बाजार मी आणते. रिटायर शिक्षकांचा कॅरम आमच्या ओसरीवर चालायचा, तो आता दुसऱ्यांकडे भरतो, हे जात नाहीत. गेल्या महिनाभरात रात्री दोन उशांच्या तीन झाल्या, आणि परवापासून दोन रात्री आरामखुर्चीत झोपले. विचारलं तर म्हणतात, ‘खुर्चीत बरं वाटतं.’ फॉर्ममधला एक प्रश्न त्या मुलीनं माझ्याकडे बघून गाळला. कुठला ते मला कळलं.

पुढच्या वेळी ‘हे खोटं सांगतात’ असं डॉक्टरांना सांगू का? की यांच्याऐवजी मीच फॉर्म भरू? ८४ गुण आहेत, तर मला माणूस निम्मा झाल्यासारखा का वाटतो? धाकटे दीर म्हणतात, एक ब्लॉकेज सोडलंय, त्यातही स्टेंट टाका, म्हणजे हुरूप येईल. आणि ताई, सुख असं मार्कांत मोजतात का हो?”

ताई, पुढचं नंतर वाचा. आधी डॉक्टरांना फोन लावा. पुढच्या तारखेची वाट बघू नका, आजच लावा. फोनवर सांगायचं ते एवढंच: “आधी दोन उशा लागायच्या, महिन्याभरात तीन झाल्या, आता दोन रात्री खुर्चीत झोपलेत.” हृदयाच्या डॉक्टरला यापुढे फार समजावून सांगावं लागत नाही. आपण आडवे झालो की पायांतलं, पोटातलं रक्त छातीकडे परततं. हृदयाला ते पुढे ढकलणं जमलं नाही की फुप्फुसांत पाणी साचू लागतं, दम लागतो, आणि माणूस नकळत उशी वाढवतो. “खुर्चीत बरं वाटतं” याचा अर्थ बहुधा “आडवं झाल्यावर बरं वाटत नाही” असा असतो. एखादवेळी लघवीची गोळी वाढवून भागेल, एखादवेळी तपासायला बोलावतील. पण बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून फेस आला, तर फोन करत बसू नका, १०८ ची गाडी बोलवा.

आणि वजनकाटा घरात नसेल तर उद्याच घ्या. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच वेळी वजन करायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नसतं, पाण्याचं असतं. तेव्हाही फोन.

आता फॉर्मकडे येते.

मी एकोणीस वर्षं एका दवाखान्याच्या हृदयरोग विभागात वैद्यकीय समाजसेविका होते. असे फॉर्म हजारोंनी भरून घेतले. तुमची झेरॉक्स बघताच ओळखला. हा कॅन्सस सिटीचा फॉर्म, अमेरिकेतल्या जॉन स्पर्टस या हृदयरोगतज्ज्ञाने २००० साली पुढे आणलेला. प्रश्न २३, गुण ० ते १००, जितके जास्त तितकं बरं. आधीचे दोन आठवडे विचारतो. तुमच्याकडे फॉर्म भाद्रपदात भरला, तेव्हा उशा दोनच होत्या. उशांचा प्रश्न त्यात आहे बरं का, अगदी ‘बसून किंवा किमान तीन उशा घेऊन झोपावं लागलं का’ असाच. सरांनी ‘एकदाही नाही’वर खूण केली आहे, आणि त्या दिवशी ते खरंच होतं. तीन महिन्यांतून एकदा दोन आठवड्यांचं विचारणारा कागद मधल्या अडीच महिन्यांवर नजर ठेवत नाही. ते काम कॅलेंडरचं आणि तुमचं.

असे फॉर्म निघालेच का, ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्या “मग मला असं का वाटतं” याचं अर्धं उत्तर त्यात आहे. फार वर्षं हृदयरोग्याचं बरं-वाईट डॉक्टर स्वतःच्या अंदाजानं ठरवायचे. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये चार पायऱ्या पाडून दिल्या. रोजच्या कामात काही त्रास नाही ती पहिली, बसल्याजागी दम ती चौथी. आजही केस पेपरवर ‘क्लास टू’ वगैरे लिहितात ते तेच. पुढे इको आला आणि पंपिंगचा आकडा हातात आला. मग लक्षात येऊ लागलं की तो आकडा आणि माणसाचं जगणं यांची गाठ फार सैल आहे. पंपिंग २५ असलेला माणूस भाजीची गाडी ढकलताना मी पाहिलाय, आणि ५५ वाला दोन खोल्या ओलांडताना भिंत धरणारा पाहिलाय. इको हृदय किती आकसतं ते दाखवतो. घाटाच्या पायऱ्या किती उतरता येतात हे त्याच्यात दिसत नाही. म्हणून १९८४ च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठात रेक्टर, कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ प्रश्नांचा फॉर्म बांधला, त्यानंतर आणखी आले. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कॅन्सस सिटीच्या फॉर्मला नव्या औषधांच्या चाचण्यांतलं मोजमाप म्हणून मान्यता दिली. म्हणजे गोळीनं आयुष्य वाढलं नाही पण माणूस बरा जगू लागला, तर तेही गुणात धरायचं. ही लहान गोष्ट नाही.

या सगळ्याला ‘जीवनमान’ म्हणतात, तो शब्द मला आवडत नाही. जीवनमान म्हटलं की फ्रिज आणि गाडी डोळ्यापुढे येते. आमच्या वॉर्डात एक आजी म्हणायच्या, “जगणं कसं चाललंय ते विचारतायत.” तेच बरं आहे.

आता ८४. तुमचे सर गणिताचे आहेत, तेव्हा हा परिच्छेद त्यांनाच वाचायला द्या.

सर, तुमच्या फॉर्ममध्ये पहिले सहा प्रश्न हालचालीचे आहेत: कपडे घालणं, आंघोळ, सपाटीवर थोडं चालणं, घरकाम किंवा सामान उचलून आणणं, एक जिना न थांबता चढणं, घाईनं चालणं किंवा पळणं. प्रत्येकापुढे सहा रकाने. पहिल्या पाचांत ‘फारच अडचण’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत. सहावा रकाना वेगळा: ‘इतर कारणामुळे अडचण, किंवा हे केलंच नाही’. तुम्ही पहिल्या तिन्हींना ‘अजिबात अडचण नाही’ म्हणालात. सामान, जिना आणि घाई या तिघांना सहावा रकाना दिलात. गुण काढताना सहाव्या रकान्याला शून्य मिळत नाही, तो प्रश्न सरळ बाजूला ठेवतात आणि उरलेल्यांची सरासरी काढतात. म्हणजे सहापैकी तीन प्रश्न सोडवले, तिन्ही बरोबर, शंभरपैकी शंभर. किमान तीन उत्तरं लागतात, नाहीतर तो भाग धरतच नाहीत. तुम्ही नेमक्या तीनवर पास झालात. जन्मभर पोरांना सांगितलंत ना, अवघड धडा ऑप्शनला टाकू नका म्हणून? तुम्ही जिना ऑप्शनला टाकलात.

बाजार तुम्ही आणत नाही कारण ताई आणतात. जिना चढत नाही कारण बिछाना खाली आला. म्हणून त्रास नाही. सहावा रकाना ज्याचा गुडघा गेलाय त्याच्यासाठी आहे, ज्याच्या घराला जिनाच नाही त्याच्यासाठी आहे. दम लागतो म्हणून जिना सोडला असेल, तर खूण पहिल्या पाचांतच कुठेतरी करायची. पुढे छंद, घरकाम, लोकांकडे जाणं आणि आणखी एक (त्याचं नंतर सांगते) या प्रश्नांतही असाच एक ‘लागू नाही’चा रकाना आहे, आणि चार प्रश्नांपैकी दोन तिथे गेले आहेत. कॅरम त्यातलाच एक.

ताई, आता तुम्ही वाचा. सर खोटं बोलले का? झेरॉक्स पुन्हा बघा, शेवटून दुसऱ्या पानावर. ‘आजारामुळे जगण्याच्या आनंदात किती अडथळा आला?’ यावर सरांची खूण आहे ‘मध्यम’. ‘आजारामुळे किती वेळा खचल्यासारखं वाटलं?’ त्यावर ‘कधीकधी’. या भागाचे त्यांना ५८ गुण पडले आहेत. एकूण आकडा चार भागांच्या सरासरीचा असतो: हालचाल १००, लक्षणं ९१, लोकांत मिसळणं ८८, आणि हे ५८. बेरीज करा, चारनं भागा, ८४. सरांनी सांगितलं होतं, ताई. सरासरीत ते बुडालं, आणि ओपीडीत मागे चाळीस माणसं उभी असताना पहिल्या आकड्याखाली कोणी बघितलं नाही.

म्हणून “हे खोटं सांगतात” असं डॉक्टरांपुढे म्हणू नका. आयुष्यभर ज्यांनी लोकांचे पेपर तपासले त्यांचा पेपर बायकोनं चारचौघांत तपासायचा, हे सरांच्या जिव्हारी लागेल आणि पुढच्या वेळी ५८ चेही ८० होतील. त्याऐवजी झेरॉक्स पुढे करा आणि विचारा, “डॉक्टर, इथे ५८ आहेत, ते कशामुळे?” आणि “हे तीन प्रश्न सहाव्या रकान्यात का गेलेत, ते विचाराल का?” कागदावर बोट ठेवा, माणसावर नको.

दुसरंही एक होतं. आजार अंगवळणी पडला की माणसाची फूटपट्टीच बदलते. वर्षापूर्वी सरांचं ‘बरं’ म्हणजे घाटावरची पहाट होती. आज रात्र बिनघोर गेली की ‘बरं’. त्याच प्रश्नाला तेच उत्तर, पण शब्दाचा अर्थ आकसलाय. अभ्यासकांनी याला नाव दिलंय, त्यावर ढीगभर लिहिलंय. ते सगळं वाईटच असतं असं नाही. जे परत येणार नाही त्याच्याशी मिळतंजुळतं घेतलं म्हणून तर माणसं उभी राहतात. पण जे परत येऊ शकतं तेही सोडून दिलं जात असेल, तर कोणीतरी जुनी पट्टी जवळ ठेवायला हवी. ती तुमच्याकडे आहे.

म्हणून तुम्ही फॉर्म भरायचा का, याचं उत्तर: त्यांचा नाही, स्वतःचा वेगळा कागद लिहा. रोग्याच्या वतीनं घरच्यांनी उत्तरं दिली की काय होतं, हे अनेकांनी तपासून पाहिलंय. डोळ्यांना दिसणारं घरचे बरोबर सांगतात: किती चालतात, कितीदा थांबतात, रात्री उठतात का. मनातलं मात्र चुकतं, आणि बहुतेकदा आहे त्यापेक्षा काळं रंगवतात, कारण त्यात त्यांची स्वतःची काळजी मिसळते. “माणूस निम्मा झाला” हे वाक्य तुमचं आहे, सरांचं नाही. ते खरं असेलही. पण कागदावर लिहा: माडी आषाढापासून बंद, घाट बंद, उशा तीन, मग खुर्ची. विशेषणं गाळा, तारखा घाला.

प्रश्न कोण विचारतं आणि कसा विचारतं, यानंही गुण हलतात. आमच्याकडे सुरुवातीला एक हौशी विद्यार्थी इंग्रजी फॉर्म बघून जागच्या जागी मराठी करून विचारायचा. मूळ प्रश्नात सपाटीवर ‘एक ब्लॉक’ चालण्याचं आहे, म्हणजे अमेरिकेतल्या एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत. त्यानं गिरगावातून आलेल्या एका आजींना विचारलं, “एक ब्लॉक चालताना दम लागतो?” आजी म्हणाल्या, “आमचा ब्लॉक केवढा रे, चार पावलांत मोरी येते. नाही लागत.” पूर्ण गुण! म्हणूनच नीट केलेलं भाषांतर आधी मराठीत, मग दुसऱ्याकडून परत इंग्रजीत, आणि मग खऱ्या रोग्यांना वाचायला देऊन “यातून तुम्हाला काय कळलं” असं विचारून पक्कं करतात. तुमच्या फॉर्मवर ‘सपाट रस्त्यावर थोडं अंतर’ असं आहे. ठीक आहे, पण वाईत सपाट रस्ता शोधावाच लागेल.

मला स्वतःला, खरं सांगू, मिनेसोटाचा फॉर्म जास्त जवळचा. त्याचे गुण उलटे चालतात, ० उत्तम आणि १०५ सर्वांत वाईट, त्यामुळे दोन्ही फॉर्म वापरणाऱ्या दवाखान्यात घोळ होतात ते वेगळं. पण त्यात असे तीन प्रश्न आहेत जे कॅन्सस सिटीवाल्यांनी विचारले नाहीत: आवडीचं खाणं कमी करावं लागलं का, उपचारांना पैसे जातात का, आणि आपण घरच्यांना ओझं झालो असं वाटतं का. बार्शीकडचे एक शेतकरी मला आठवतात. एकवीसपैकी वीस प्रश्नांना शून्य, आणि पैशाच्या प्रश्नाला पाच. एकूण गुण पाच, म्हणजे कागदावर जवळजवळ ठणठणीत. मी बाहेर जाऊन विचारलं, तर ते गोळ्या एक दिवसाआड घेत होते. सरांना हे तीन प्रश्न फॉर्मबाहेर विचारून बघा. पापड, लोणचं, ठेचा बंद झालेल्या माणसाला जेवण हा रोजचा दोन वेळचा दंड वाटू शकतो. त्यावर उपाय असतो, लिंबू, आमसूल, लसूण, भाजलेलं जिरं. मात्र ‘कमी सोडियम’ म्हणून विकतात त्या मिठात पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही, म्हणून ते विचारल्याशिवाय आणू नका.

गाळलेला प्रश्न. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. तो नवरा-बायकोच्या जवळिकीचा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे तो विचारणारी मुलगीच लाजते. मीही पहिली दोन वर्षं गाळायची. मग एका साठीच्या बाईंनी मला थांबवून विचारलं, “त्याबद्दल नाही का काही?” अटॅकनंतर कित्येक जोडपी भीतीनं एकमेकांपासून लांब झोपतात, कोणी बोलत नाही आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला नकोसं झालंय. डॉक्टर साधारण असं सांगतात की दोन जिने छातीत न दुखता, धाप न लागता चढता येत असतील तर भीतीचं कारण सहसा नसतं. सरांचं सध्या तसं नाही, तेव्हा आधी उशांचं बघू. पण पुढे हा प्रश्न सरांनी डॉक्टरांना एकट्यानं विचारावा. आणि जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांच्याकडे असते त्यांनी ‘ताकदीची’ गोळी परस्पर घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा खाली येतो. माडीवरून खाली फक्त बिछानाच आला का, दोन बिछाने झाले का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारत नाही.

दिरांचं स्टेंटचं म्हणणं. त्यांचा हेतू चांगला आहे. पण हुरूप येण्यासाठी स्टेंट टाकत नाहीत. ब्रिटनमध्ये ७०० रुग्णांवर एक चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आला. सगळ्यांचं पंपिंग ३५ किंवा त्याखाली, रक्तवाहिन्यांत बरीच ब्लॉकेज. निम्म्यांना गोळ्यांसोबत स्टेंट, निम्म्यांना नुसत्या गोळ्या. मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हृदय कमी पडलं म्हणून, पुन्हा भरती होणं, यांत फरक पडला नाही. जगणं कसं चाललंय ते याच कॅन्सस सिटीच्या फॉर्मनं मोजलं होतं. सहा महिन्यांनी स्टेंटवाले साडेसहा गुणांनी पुढे होते, वर्षानं साडेचार, दोन वर्षांनी दोघे जवळपास बरोबरीला. पाच गुणांचा फरक माणसाला जेमतेम जाणवतो, दहाचा बऱ्यापैकी, वीसचा घरच्यांनाही दिसतो, असा या फॉर्मचा हिशेब आहे. सरांचं पंपिंग आता ४० आहे, म्हणून तो निकाल त्यांना जसाच्या तसा लावायचा नाही. पण दिरांना एवढं विचारा: “यांच्या छातीत दुखतं का?” दुखत असेल तर स्टेंटचा विषय डॉक्टरांकडे काढण्यात अर्थ आहे. नुसतं गप्प बसतात म्हणून नको.

गप्प बसण्याचं मला जास्त वाटतं. अटॅक येऊन गेलेल्यांत पाचातल्या एकाला तरी चांगलंच नैराश्य येतं, आणि ते ‘वयानं’, ‘आजारानं’ असं म्हणून सोडून दिलं जातं. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तर अटॅकनंतरचं नैराश्य हाच पुढच्या धोक्याचा घटक धरावा असं सांगितलं. दोन प्रश्न पुरतात: गेल्या दोन आठवड्यांत आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटत राहिलं का? बहुतेक दिवशी होकार असेल तर तेही डॉक्टरांना त्याच फोनमध्ये सांगा. अर्थात थकवा फुप्फुसांतल्या पाण्यानंही येतो, आणि काही गोळ्यांनीही अंग जड वाटतं. कशामुळे काय, हे डॉक्टरांनी वेगळं करायचं. तुम्ही कुठली गोळी परस्पर बंद करायची नाही.

पाणी उतरलं, दम आवाक्यात आला, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मग चालणं. यालाही आपल्याकडचाच एक दाखला आहे. २०२० मध्ये भारतातल्या २४ दवाखान्यांत मिळून अटॅक येऊन गेलेल्या जवळपास ४,००० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना १२ आठवडे शिकवून योगासनं, प्राणायाम, ध्यान. निम्म्यांना नेहमीचा सल्ला. ० ते १०० अशी उभी पट्टी दाखवून “आज तब्येत कुठे आहे, खूण करा” असं विचारलं, तर एका बाजूला ७७, दुसऱ्या बाजूला ७५.७. हसू नका. पुन्हा अटॅक येण्याबाबत ठाम फरक दिसला नाही, हेही खरं. पण योगवाले आपल्या आधीच्या कामांना जास्त प्रमाणात परतले, आणि मला त्या सव्वा गुणापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

सुख मार्कांत मोजतात का, असं तुम्ही विचारलंत. सुख नाही मोजत, ताई. काय काय सुटलं ते मोजता येतं, विचारणारा नीट असला तर. सरांनाच विचारा, सुटलेल्यातलं पहिलं काय परत हवं. कॅरम म्हणाले तर मंडळींना एक दिवस पुन्हा ओसरीवर बोलवा, चहाचं आधण तुम्ही ठेवालच. पण मला वाटतं ते घाट म्हणतील. मग घाट हाच त्यांचा फॉर्म. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, सकाळच्या उन्हात, तुमच्यासोबत. पहिल्या दिवशी वरच्या पायरीवर नुसतं बसून परत यायचं. उतरणं सोपं असतं, परतीचं चढणं लक्षात ठेवून उतरायचं. रोज तीन गोष्टी लिहायच्या: कितव्या पायरीपर्यंत गेले, चढताना कितीदा थांबले, वर आल्यावर पूर्ण वाक्य बोलता येत होतं की धाप होती. पायऱ्या एकदम कमी झाल्या, थांबणं वाढलं, तर पुन्हा फोन.

वही तुम्ही लिहू नका. सरांना लिहू दे. गणिताची असते तशी चौकटींची घ्या, आलेख काढायला बरी पडते.